पावसाची भीती व्हीआर चष्म्याने जाईल का? महाड-पोलादपूरच्या निमित्ताने समजून घ्या, संशोधन काय सांगतं

२२ जुलै २०२१. महाड शहरात सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी घराघरांत आणि दुकानांत शिरलं होतं. त्याच दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि एक अख्खी वाडी मातीखाली गेली. ८० हून जास्त माणसांचा जीव गेला. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. पुराने आणि दरडींनी रस्ते बंद होते. तळीयेत बचावपथकं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

त्यानंतर पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, बेघर कुटुंबं कंटेनरच्या घरांत राहिली, पुनर्वसनाच्या बातम्या आल्या. पण पंचनाम्यात एका गोष्टीचा रकाना नसतो. ती म्हणजे जे वाचले त्यांच्या मनात राहिलेली भीती.

आता याच भीतीवर एक नवा उपाय चर्चेत आहे. डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावायचं आणि आभासी जगात जाऊन भीतीला सामोरं जायचं. ‘व्हीआर थेरपी’ या नावाने त्याचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्येही आले असतील. दावे मोठे आहेत. पण पुरावा किती आहे? आणि महाड-पोलादपूरसारख्या भागात, जिथे पाऊस दर जूनमध्ये परत येतो, तिथे हा उपाय कितपत लागू पडेल?

एक्सआर, व्हीआर, एआर म्हणजे नेमकं काय?

एक्स्टेंडेड रिअ‍ॅलिटी म्हणजेच एक्सआर हे छत्रीसारखं नाव आहे. त्याखाली तीन प्रकार येतात.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजे व्हीआर. यात हेडसेट लावला की समोरचं खरं जग दिसेनासं होतं आणि पूर्णपणे आभासी जग दिसतं. मान वळवली की दृश्यही वळतं. त्यामुळे आपण तिथेच उभे आहोत असं मेंदूला वाटतं.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणजे एआर. यात खरं जग दिसत राहतं आणि त्यावर आभासी वस्तू ठेवली जाते. स्पेनमधल्या संशोधकांनी झुरळांची भीती असणाऱ्यांसाठी हे वापरलं होतं. टेबल खरं, हात खरा, झुरळ मात्र आभासी!

या दोन्हींची सरमिसळ म्हणजे मिक्स्ड रिअ‍ॅलिटी. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो व्हीआरवर.

चष्म्याने भीती कशी जाते?

खरं तर भीती चष्मा घालवत नाही. ती घालवते एक जुनी उपचारपद्धत, जिला ‘एक्सपोजर थेरपी’ म्हणतात.

समजा, घाटात एखाद्याच्या गाडीला अपघात झाला. तो वाचला, पण त्यानंतर घाटाचा रस्ताच टाळू लागला. टाळलं की लगेच बरं वाटतं. पण त्यामुळेच मेंदूला ‘घाट म्हणजे मरण’ हे समीकरण तपासून बघायची संधी मिळत नाही. भीती तशीच राहते, कधी वाढतेही.

एक्सपोजर थेरपीत समुपदेशक त्या माणसाला पायरीपायरीने त्या भीतीसमोर नेतो. आधी घाटाचा फोटो, मग घाटाच्या पायथ्याशी उभं राहणं, मग एक वळण. दरवेळी भीती वाढते, पण काहीच वाईट घडत नाही. हळूहळू मेंदू नवा धडा शिकतो.

अडचण अशी की, भीती वाटणारी प्रत्येक गोष्ट दवाखान्यात आणता येत नाही. विमान आणता येत नाही, दहावा मजला आणता येत नाही. इथे व्हीआर कामाला येतं. दृश्य हवं तेव्हा सुरू करता येतं, हवं तेव्हा थांबवता येतं, पावसाचा आवाजही कमी-जास्त करता येतो.

ही कल्पना नवी नाही. उंचीच्या भीतीवर व्हीआर वापरल्याचा अमेरिकेतला पहिला नियंत्रित अभ्यास १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यातून वाचलेल्यांसाठीही असा उपचार तयार केला गेला. त्यात सुरुवातीला विमान नुसतंच इमारतीवरून निघून जायचं, स्फोट दाखवला जात नसे. पुढचं दृश्य त्यानंतर, टप्प्याटप्प्याने यायचं.

पुरावा कुठे भक्कम आहे?

ठरावीक गोष्टींच्या भीतीवर, म्हणजे फोबियावर, पुरावा चांगला आहे.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाची चाचणी प्रसिद्ध झाली. उंचीची भीती असलेल्या १०० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची सुमारे सहा व्हीआर सत्रं मिळाली. त्यांना सूचना देणारा प्रशिक्षकही आभासीच होता. या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. दुसऱ्या गटाला दुसरा कोणताही खास उपचार दिला नव्हता. म्हणजे तुलना ‘व्हीआर की काहीच नाही’ अशी होती. आणि हे तंत्र बाजारात आणणाऱ्या कंपनीशी काही संशोधकांचा संबंध होता, जो त्यांनी शोधनिबंधातच जाहीर केला होता.

महागडं यंत्रच हवं असंही नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये १९३ जणांवर झालेल्या चाचणीत मोबाइल अ‍ॅप आणि पुठ्ठ्याचा साधा व्हीआर चष्मा वापरूनही उंचीची भीती बरीच कमी झाली.

खऱ्या एक्सपोजरशी तुलना केली तर? २०१८ मध्ये ३० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंतेच्या विकारांवर व्हीआर आणि प्रत्यक्ष एक्सपोजर यांच्या परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे व्हीआर मूळ पद्धतीच्या बरोबरीने उभं राहतं, पण तिच्या पुढे जात नाही.

गंभीर मानसिक आजारांत चित्र थोडं वेगळं आहे. सायकोसिस असलेले अनेकजण बाहेर पडायला, बसमध्ये चढायला, दुकानात जायला घाबरतात. इंग्लंडमध्ये अशा ३४६ रुग्णांवर ‘गेमचेंज’ नावाच्या व्हीआर उपचाराची चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की एकूण फायदा माफक होता, पण ज्यांची भीती सर्वांत तीव्र होती त्यांना तो जास्त झाला आणि टिकला. २०२३ मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने तीव्र भीती असलेल्या रुग्णांसाठी याचा वापर करायला सशर्त हिरवा कंदील दिला. वापर करत करत आणखी पुरावा गोळा करा, ही त्यातली अट.

आघातानंतरच्या ताणावर काय दिसलं?

महाड-पोलादपूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

जीवघेण्या प्रसंगानंतर महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं, दचकून उठणं, आवाजाने घाबरणं, त्या जागा टाळणं, मन बधिर होणं, या लक्षणांना डॉक्टर ‘पीटीएसडी’ म्हणतात. अमेरिकेत इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांसाठी युद्धाचं आभासी जग तयार करून त्यावर बरंच काम झालं.

२०१६ मध्ये १६२ सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन गट होते. एकाला व्हीआर एक्सपोजर, दुसऱ्याला चष्म्याशिवाय तोच प्रसंग आठवून समुपदेशकासमोर सांगण्याची नेहमीची पद्धत, तिसरा गट प्रतीक्षेत. दोन्ही उपचारांनी लक्षणं कमी झाली. पण व्हीआर वरचढ ठरलं नाही. उलट तीन आणि सहा महिन्यांनंतर तपासलं तेव्हा बिनचष्म्याच्या गटातली सुधारणा जास्त होती.

का? एक शक्यता अशी की प्रत्येकाची आठवण वेगळी असते. एकाला पाण्याचा वास आठवतो, दुसऱ्याला हाक, तिसऱ्याला हातातून सुटलेला हात. हे सगळं कोणत्याही तयार दृश्यात बसत नाही. माणसाच्या डोक्यातलं चित्र संगणकाच्या चित्रापेक्षा जास्त खरं असतं.

मग महाडला पावसाचं व्हीआर दाखवायचं का?

एक्सपोजर थेरपी एका गृहीतकावर उभी आहे. धोका टळलाय, भीती मात्र उरलीय. उंच इमारतीच्या सुरक्षित गच्चीवर उभा असलेला माणूस पडणार नसतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या गल्लीत बाँब फुटणार नसतो. म्हणून मेंदूला ‘आता घाबरायचं कारण नाही’ हे शिकवणं योग्य ठरतं.

महाड आणि पोलादपूरमध्ये हे गृहीतक दर पावसाळ्यात डळमळतं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या इतर वाहनांसह पुरात गेल्या. मग २०२१ चं तळीये. रायगड जिल्ह्यात दरडीचा धोका असलेली शंभरहून जास्त गावं प्रशासनाच्या यादीत आहेत आणि त्यात महाड-पोलादपूरमधल्या गावांची संख्या मोठी आहे. अतिवृष्टीचा इशारा आला की काही वाड्यांना घर सोडायला सांगितलं जातं.

अशा वाडीतली बाई रात्री पावसाचा जोर वाढल्यावर झोपत नसेल, तर तो आजारच आहे असं म्हणता येत नाही. त्यातला काही भाग तिला जिवंत ठेवणारा सावधपणा आहे. तिला चष्मा लावून धो-धो पाऊस दाखवायचा आणि ‘बघा, काही झालं नाही’ असं शिकवायचं, हे धोकादायकही ठरू शकतं. ज्या रात्री खरंच घर सोडायला हवं, त्या रात्री ती घरातच राहिली तर?

म्हणून इथे उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुरक्षित घर, पर्जन्यमापक, वेळेवर मिळणारा इशारा, निवाऱ्याची ठरलेली जागा. हे सगळं झाल्यावरही जी भीती उरते, निरभ्र आकाशातही जी छातीत धडधडते, ती उपचारांची भीती. सुरक्षित जागी पुनर्वसन झालेलं घर हा भीती कमी करण्याचा पहिला उपाय आहे आणि त्याला कुठलंही हेडसेट पर्याय नाही.

दुसरी गोष्ट दुःखाची. तळीयेत शोधकार्य थांबवलं तेव्हा ३० च्या आसपास माणसं सापडलेली नव्हती. त्यांना मृत घोषित करावं लागलं. ज्यांना आपल्या माणसाचं अंत्यदर्शनही मिळालं नाही, त्यांचं दुःख भीतीपेक्षा वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा शोकाला स्वतंत्र नाव दिलेलं आहे. पूर किंवा दरडीचं आभासी दृश्य दाखवणं हे त्यावरचं उत्तर नाही.

यंत्र येईल, पण ते लावणारं कोण?

वरच्या बहुतेक चाचण्या अमेरिका आणि युरोपात झाल्या. तिथे व्हीआरच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका असा ताफा असतो. भारतात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. हा आकडा ०.७५ च्या आसपास सांगितला जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं. सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीचं चित्र याहून चांगलं असेल असं मानायला आधार नाही. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे महाडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. एका खेपेला पूर्ण दिवस आणि रोजगार बुडतो. एक्सपोजर थेरपीला मात्र आठ-दहा खेपा लागतात.

मग उपाय काय? त्याचा एक चांगला पुरावा महाडहून दक्षिणेला, गोव्यात आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी, स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी झाल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

महाराष्ट्रातलं उदाहरणही आहे. पुण्याच्या ‘इंडियन लॉ सोसायटी’च्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्या हातात लघुपट भरलेले स्मार्टफोन दिले. घरातले ताण, व्यसन, हिंसा यांवरचे हे लघुपट दाखवून ते गावकऱ्यांशी बोलायला सुरुवात करायचे. डिजिटल साधन होतंच, पण ते ओळखीच्या माणसाच्या हातात होतं.

म्हणजे व्हीआरचा इथे उपयोगच नाही?

आहे, पण योग्य जागी. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. अशा अपघातांनंतर गाडीत बसण्याची, घाटाची, पुलावरून जाण्याची भीती बसते. रोजचा रस्ता तोच असेल तर नोकरी, शाळा, बाजार सगळं अडतं. ही भीती ठरावीक गोष्टीची आहे, रस्ता पूर्वीइतकाच सुरक्षित आहे आणि प्रत्यक्ष घाटात सराव करणं अवघड आहे. व्हीआरचा पुरावा नेमका अशाच भीतीच्या बाजूने जातो.

दुसरा उपयोग वेदनेसाठी. भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी करताना त्यांना आभासी बर्फाच्या जगात गुंतवून ठेवलं की वेदना कमी जाणवतात, हे अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कामातून दिसलंय. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रासायनिक कारखाने आहेत, त्यामुळे हा उपयोग दूरचा नाही.

तिसरा उपयोग प्रशिक्षणाचा. आशा सेविका किंवा आपदा मित्र यांना घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, याचा सराव आभासी प्रसंगात करता येऊ शकतो.

आणि त्या पुराच्या रील्सचं काय?

दर जुलैत २०२१ च्या पुराचे, दरडींचे व्हिडिओ पुन्हा फिरतात. ‘बघून बघून सवय होते’ असं अनेकांना वाटतं. पण एक्सपोजर थेरपी आणि स्क्रोलिंग यांत मोठा फरक आहे. थेरपीत गती माणसाच्या हातात असते, शेजारी समुपदेशक असतो आणि भीती उतरेपर्यंत सत्र थांबवत नाहीत. रीलमध्ये भीती चढते आणि अंगठा पुढे सरकतो.

२०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बाँबस्फोटानंतर अमेरिकेत चार हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला. त्या आठवड्यात दिवसाला सहा तास किंवा जास्त वेळ स्फोटाचं वार्तांकन बघणाऱ्यांनी सांगितलेला तीव्र ताण घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. आधीच अस्वस्थ असलेले लोक जास्त बघत असतील, हीही शक्यता आहे. तरी मुंबईत राहून गावच्या काळजीने रात्रभर व्हिडिओ बघणाऱ्या चाकरमान्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. घरी एक फोन करा, हवामान खात्याचा इशारा बघा आणि मोबाइल बाजूला ठेवा.

‘व्हीआर थेरपी’ची जाहिरात दिसली तर हे चार प्रश्न विचारा

१. कोणत्या त्रासावर? फोबियावरचा पुरावा नैराश्याला किंवा शोकाला लागू होत नाही.

२. तुलना कशाशी केली? ‘काहीच नाही’शी तुलना करून जिंकणं सोपं असतं.

३. सोबत प्रशिक्षित माणूस आहे का? आघात झालेल्याला एकट्याने हेडसेट लावून तो प्रसंग दाखवू नये. काहींना चक्कर-मळमळ होते, फिट येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

४. माहिती कुठे जाते? काही हेडसेट नजर कुठे खिळली, हात कसा हलला हे टिपतात. भीतीची ही नोंद कोणाकडे राहते, हे लेखी विचारा.

आपत्तीनंतर पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, रडू येणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बरेचजण घरच्यांच्या आधाराने सावरतात. त्या काळात घडलेलं सगळं सांगायची सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. जवळ बसा, ऐका, जेवण-निवारा आणि माणसांची भेट यांची सोय बघा. महिन्यानंतरही त्रास कमी होत नसेल, कामधंदा अडत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मदत घ्यायलाच हवी.

त्यासाठी चष्मा लागत नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, २४ तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. महाड-पोलादपूरमधल्या कोणाला ही माहिती उपयोगी पडेल असं वाटत असेल, तर पुराच्या व्हिडिओऐवजी हा नंबर पाठवा.